झाडाच्या पोटातली कुऱ्हाड

१

धार लावायचं काम घाईने होत नाही, म्हणून ते मला जमलं. बाकी सगळीकडे मी उशिराच पोचलो. शाळेत पोचलो तोवर वर्गातली पोरं गुणाकार करत होती. मी तिसरीतूनच घरी परतलो. लग्नालाही उशीर झाला. बायको अजून ऐकवते, "तुम्ही आलात ना, तेव्हा मी जवळजवळ दुसऱ्याला हो म्हणून बसले होते."

घराच्या मागे कामाची खोली आहे. आठ पावलं लांब, चार पावलं रुंद. एका बाजूला बाक, बाकाला लोखंडी पकड, समोरच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या कुऱ्हाडी. स्वयंपाकघर आणि ही खोली यांच्या मधल्या भिंतीत हातभर खिडकी आहे. बायको तिथून पाण्याचा ग्लास देते. ग्लास रिकामा झाला की मी तिथेच परत ठेवतो.

नव्या कुऱ्हाडी माझ्याकडे येत नाहीत. येतात त्या जुन्या, कोणाच्या तरी आजोबांच्या. गंजलेल्या, दांडा मोडलेल्या, हातोडीसारख्या वापरून मागून फुललेल्या. गंज काढायचा, कानशीने पातं उतरवायचं, मग दगड. आधी खरबरीत, मग मऊ, शेवटी चामड्याचा पट्टा. दांडा तासून बसवायचा, वरून पाचर ठोकायची, जवसाचं तेल लावायचं. यंत्राच्या चाकावर धरली तर पाच मिनिटांत काम होतं, पण पातं तापतं. तापलेल्या पात्यात जीव राहत नाही. म्हणून सगळं हाताने.

दोन वर्षांपूर्वी पायरीवरून पडलो आणि डावं मनगट मोडलं. जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून कानशीचे माझे दोन हात, म्हणजे दोन फेरे, सरळ जातात आणि तिसऱ्याला मनगट दमतं. कानशीचा कोपरा पात्याच्या मागच्या टोकाला टेकतो आणि तिथे एक बारीक ओरखडा उठतो, पापणीच्या केसाएवढा. नंतर दगडाने मी तो घासतो, तरी पुरता जात नाही. खर्र, खर्र, खर्र-टक्. मग क्षणभर थांबायचं, पुन्हा दोन.

बायकोला उजेड आणि सावल्या एवढंच दिसतं. काम कुठवर आलं ते ती आवाजावरून सांगते. "टक् कमी झालं हो आज," असं म्हणाली की मला दिवसभर बरं वाटतं.

२

आमची एकच लेक. दवाखान्यात नर्स आहे, इथून दोन तासांवर राहते. दर रविवारी येते आणि आल्या आल्या घर तपासते.

"बाबा, दुधाचं भांडं गॅसवर ठेवून विसरलात म्हणे."

"ते तुझ्या आईने ठेवलं होतं."

"आईला दिसत नाही."

"म्हणूनच ती विसरली."

"मी ऐकतेय हं!" बायको आतून.

लेक हसली, पण बाकावर माझ्याशेजारी बसली तेव्हा हसत नव्हती. म्हणाली, "बाबा, मला दुधाचं काही नाही वाटत. मला या कुऱ्हाडींची भीती वाटते. एखादी नीट बसवायची राहिली तर?"

तिचं खरं होतं. तरुणपणी मी एकदा एका लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीला ओली पाचर ठोकली होती. ओलं लाकूड ठोकताना घट्ट बसतं, मग सुकतं आणि आक्रसतं. तीन आठवड्यांनी त्या लाकूडतोड्याच्या हातात नुसता दांडा राहिला आणि पातं उडून त्याच्या बायकोच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीत घुसलं. कोणाला काही झालं नाही. पण त्या बाईचे पाय मला अजून दिसतात. तेव्हापासून मी पाचरीचं लाकूड वर्षानुवर्षं सुकलेलंच घेतो.

"ठीक आहे," मी म्हणालो. "ज्या दिवशी एखाद्या कुऱ्हाडीबद्दल मला छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही की ही मी बसवली, त्या दिवशी खोलीला कुलूप लाव. आम्ही दोघं तुझ्याकडे."

"नक्की?"

"नक्की."

शब्द दिला खरा. पण मनात दुसरंच होतं. या घरात माझ्या बायकोला आंधळी म्हणता येत नाही. मिठाचा डबा, कडी, उंबरा, सगळं तिच्या हातापायांना पाठ आहे. दुसऱ्या घरात ती आंधळी होईल. ते मला बघायचं नव्हतं.

३

लाकडाच्या गिरणीतला मुकादम माझं जुनं गिऱ्हाईक. त्याला हळू बोलता येत नाही. करवतीच्या आवाजात जन्म गेला. एका सकाळी तो खांद्यावर लाकडाचा ओंडका घेऊन आला आणि धाडकन बाकावर टाकला.

"काका, आज झाडाचं बाळंतपण केलंय!"

ओंडक्याच्या मधोमध, फळात बी असावी तशी, कुऱ्हाड होती. पातं आणि भोकात अडकलेला दांड्याचा बोटभर तुकडा. चारी बाजूंनी लाकूड तिला चिकटून वाढलं होतं.

"करवतीचे अकरा दात खाल्ले हिने," मुकादम म्हणाला. "कोणीतरी फांदीच्या बेचक्यात अडकवून ठेवली असणार, आणि विसरला. झाडाने गिळून टाकली."

"किती वर्षं झाली असतील?"

"एकाहत्तर. बाहेरच्या सालीपासून कुऱ्हाडीपर्यंत लाकडातली वर्षांची कडी मोजली मी. घरी नेऊन बायकोला मोजायला लावली, तिची बहात्तर भरली. पण ती नेहमीच माझ्यापेक्षा एक जास्त सांगते."

मी चौऱ्याहत्तरचा. ही कुऱ्हाड कोणी तिथे ठेवली तेव्हा मी जेमतेम तीन वर्षांचा असेन. मला गंमत वाटली.

"नीट करून द्या. ऑफिसात भिंतीवर लावतो."

"आठवडा लागेल."

"सत्तर वर्षं दम धरलाय तिने, आठवड्याने काय बिघडतं!"

४

लाकूड सोडवायलाच पूर्ण दिवस गेला. छिन्नीने एक एक ढलपी काढत होतो. आतलं लाकूड पात्याच्या अंगाला इतकं नेमकं बसलेलं की पातं सुटलं तेव्हा मागे त्याचा साचा राहिला. मग दोन दिवस व्हिनेगरच्या डब्यात. झाडाच्या पोटात हवा नसल्यामुळे गंज वरवरचाच होता. तारेच्या ब्रशने घासला आणि खालून चांगलं, निरोगी लोखंड निघालं. असं लोखंड हल्ली बघायला मिळत नाही. मी खुशीत होतो. बायकोला खिडकीतून म्हणालोसुद्धा, "बाईसाहेब, आज पाहुणी आलीय."

मग पातं उजेडाकडे धरलं.

जुन्या कानशीच्या रेघा अजून होत्या. मला रेघा बघायला आवडतात. माणूस भेटतो त्यांत. कोण दाबून धरायचा, कोण डावखुरा, कोणाला जेवायची घाई झाली होती. इथे दोन रेघा सरळ गेल्या होत्या. तिसरीच्या शेवटी, मागच्या टोकाला, बारीक ओरखडा. पापणीच्या केसाएवढा. पुढे पुन्हा दोन सरळ, तिसरीला ओरखडा. असे नऊ.

मी पातं खाली ठेवलं. चष्मा पुसला. पुन्हा उचललं.

मग आपला भोकातला दांड्याचा तुकडा ठोकून काढला. हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणून. तुकड्याबरोबर पाचर बाहेर आली. पाचरीच्या एका अंगाला रंग होता, हिरवा.

लेकीचा पाळणा मी स्वतः केला होता. रंगवताना हिरव्याच्या डब्यात माझ्या हातून थोडा निळा सांडला आणि एक विचित्र, तळ्याच्या पाण्यासारखा रंग झाला. तो पुन्हा कधी जमला नाही. गेल्या हिवाळ्यात पाळणा अखेर मोडला. लाकूड चाळीस वर्षं सुकलेलं, फेकवेना. त्याच्या मी पाचरी करायला घेतल्या.

कपाटातून पाळण्याची उरलेली पट्टी काढली आणि ती पाचर तिच्यावर ठेवली. रंग ओळखायला मला चष्मा लागला नाही.

५

मी तिसरी शिकलेला आहे, पण एका मागून एक विचार लावता येतो. बसून लावला.

वाकड्या मनगटाची माणसं जगात माझ्याआधीही असतील. तिसऱ्या हाताला दमणारीही असतील. हिरव्यात निळा कोणाच्याही हातून सांडतो. हे सगळं एकाच माणसात असणं अवघड, पण अशक्य नाही.

किंवा मुकादम माझी थट्टा करत होता. त्याला फोन केला.

"झाडाचं खरंच ना?"

"काका, माझे अकरा दात गेले आणि तुम्ही खरं का विचारताय?"

मग तिसरी गोष्ट उरली, आणि तीच मला जास्त झोंबली. हे सगळं मीच आत्ता, या दोन दिवसांत केलं. कानस मारली, पाचर ठोकली, काढली आणि विसरलो. तसं असेल तर लेकीचं बरोबर होतं, आणि माझ्या हातून गेलेल्या बाकीच्या कुऱ्हाडींचं काय?

पातं बायकोकडे घेऊन गेलो. ती वाटाणे सोलत होती. हात पुसून तिने पात्यावरून अंगठा फिरवला, हळू, मागच्या टोकापर्यंत.

"तुमचीच की."

"कशावरून?"

"हे काय तुमचं अडखळणं." तिने ओरखड्यावर बोट ठेवलं. "आणि हे काय विचारणं झालं? बेचाळीस वर्षं संसार केलाय."

लेकीला फोनवर हे सांगितलं नाही. एक मात्र केलं. पकडीजवळच्या खिळ्याला सुतळी बांधली. कुऱ्हाडीची धार पूर्ण झाली की एक गाठ. दिवसाच्या शेवटी गाठी मोजायच्या, भिंतीवरच्या तयार कुऱ्हाडी मोजायच्या. जुळलं की मन शांत.

बारा दिवस जुळलं. त्या बारा दिवसांत मी चांगलं काम केलं, सांगायला हरकत नाही. झाडातल्या कुऱ्हाडीला मी नवी धार दिली नाही. तेल लावून, तशीच बिनदांड्याची, मुकादमाला देऊन टाकली. भिंतीवर लावली त्याने.

६

तेराव्या दिवशी दांड्यासाठी लाकूड आणायला सुताराकडे गेलो. जाताना लंबूची कुऱ्हाड पकडीत होती. लंबू म्हणजे लाकूडतोड्या. दारातून वाकून आत येतो. त्याच्या कुऱ्हाडीची एक बाजू मी उतरवली होती, दुसरी आल्यावर करणार होतो. खोलीला कुलूप लावलं, किल्ली खिशात.

सुताराकडे गप्पा रंगल्या. परत आलो तेव्हा तीन वाजून गेले होते. बायको ओट्याशी उभी होती.

"आज सलग बसलात हो. जेवायलासुद्धा उठला नाहीत."

"मी आत्ता येतोय."

"आत्ता येताय म्हणजे?" ती माझ्या आवाजाच्या दिशेला वळली. "मग इतका वेळ खर्र खर्र कोण करत होतं? दोनदा पाणी दिलं मी."

"घेतलं?"

"घेतलं म्हणजे काय. ग्लास हातात दिला. बोटं गार लागली तुमची. म्हटलं, पाण्यात हात घातलेले दिसतात."

"बोललो काही मी?"

"तुम्ही काम करताना कधी बोललाय?"

खिडकीच्या फळीवर ग्लास पालथा घातलेला होता. मी ग्लास पालथा घालतो. बायको घालत नाही.

कुलूप होतं तसं होतं. उघडलं. लंबूच्या कुऱ्हाडीची दुसरी बाजू उतरवून झाली होती. दगडही मारला होता. मी नखावर धार टेकवली तर नखातच रुतली, घसरली नाही. जमिनीवर लोखंडाचा कीस पडला होता, पकडीच्या डावीकडे, माझा पडतो तिथेच. सुतळीला एक गाठ जास्त होती.

मी स्टुलावर बसलो. स्टूल कोमट होतं. मागच्या खिडकीतून ऊन त्याच्यावर येतं दुपारी, हे मला माहीत आहे. तरी मी उठलो.

तसाच सुताराकडे परत गेलो. "मी आज तुझ्याकडे किती वाजता आलो होतो?"

"अकराला. आणि अडीचपर्यंत तुम्ही मला तीच मनगटाची गोष्ट दोनदा सांगितलीत. काय झालं?"

"काही नाही. छत्री राहिली का बघायला आलो."

"छत्री? ऊन पडलंय काका."

७

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास लंबू कुऱ्हाड न्यायला आला. लेकही आलेली होती. मी खोली उघडली आणि दारातच थांबलो. लंबूच्या कुऱ्हाडीला दांडा बसवलेला होता, तेल पाजलेला. मी दांडा तासायलाही घेतला नव्हता.

कुऱ्हाड घेऊन अंगणात आलो आणि दार मागे ओढून घेतलं. उलटी धरून दांडा दगडावर आपटला. आवाज भरीव, घट्ट. पातं दांड्याशी सरळ रेषेत. वरून पाचर दिसत होती, कडेला तळ्याच्या रंगाची बारीक पट्टी. असं काम मी मनगट मोडायच्या आधी करत होतो.

"झाली?" लंबूने हात पुढे केला.

"थांब," मी म्हणालो.

लेक उंबऱ्यात उभी राहून बघत होती. तिच्या मागे बायको, चौकटीला धरून. एक शब्द बोलायचा होता. हो म्हटलं असतं तर लंबू कुऱ्हाड घेऊन गेला असता, लेक जेवून संध्याकाळी गेली असती, आणि माझी बायको तिच्या मिठाच्या डब्याशी, तिच्या कडीशी राहिली असती. कुऱ्हाड चांगली होती. जवळजवळ नक्कीच चांगली होती. पण पाचर आतून सुकी आहे की ओली, ते वरून कळत नाही. ते ठोकणाऱ्यालाच माहीत असतं.

लंबूला दोन लहान मुली आहेत. तो लाकडं फोडतो तेव्हा त्या ढलप्या गोळा करत आसपास असतात.

"ही मी बसवलेली नाही," मी म्हणालो.

लंबू हसला. "मग कोणी बसवली, भुताने? द्या हो काका."

"नाही देत. ही माझी नाही."

लेक पायऱ्या उतरून आली. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. रागावली असती तर सोपं गेलं असतं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "आठवत नाही का?"

"आठवतं आहे. सगळं आठवतं आहे. म्हणूनच सांगतोय."

"आपलं काय ठरलं होतं?"

मी कुलूप आणि किल्ली तिच्या हातात दिली. मागे बायकोचा हात चौकटीवरून वर-खाली फिरत होता, एवढं मी पाहिलं.

लेक खोलीकडे गेली. कडी लावायला हात वर केला आणि तशीच थांबली.

आत कानस चालली होती.

खर्र, खर्र, खर्र-टक्. जरा शांत. पुन्हा दोन.

लेकीने माझ्याकडे पाहिलं. मग लंबूकडे, मग आईकडे. आम्ही चौघंही खोलीबाहेर. माझे दोन्ही हात सगळ्यांसमोर, रिकामे. कुऱ्हाड मी केव्हाच जमिनीवर ठेवली होती. लेकीचा चेहरा पांढरा पडला. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर सुटल्यासारखं वाटलं. तिलाही ऐकू येत होतं. म्हणजे माझं डोकं ठिकाणावर होतं.

भीती त्याच्या मागून आली.

"बाबा, नका," ती म्हणाली. पण खोली माझी होती. मी दार हातभर उघडलं.

तो माझ्या स्टुलावर पाठमोरा बसला होता. स्वतःची पाठ माणसाने कधी पाहिलेली नसते, म्हणून पाठीचं मी सांगत नाही. पण शर्टाच्या पाठीवर बायकोने चाचपडत लावलेलं ठिगळ, एक कोपरा तिरका, ते मी ओळखतो. तो शर्ट त्या वेळी माझ्या अंगात होता. त्याच्या पलीकडे भिंतीवर कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या, धार लावलेल्या, चकचकीत. माझी खोली आठ पावलांची आहे. कुऱ्हाडींची ओळ तिथे संपत नव्हती. ती आणखी मागे, आणखी मागे जात होती आणि उजेड कमी होईपर्यंत मला दिसत होती.

कानस थांबली. काम करताना दारात कोणी उभं राहिलं की मी मान थोडी कलती करतो, तशी त्याने केली.

"थोडं थांबा," तो म्हणाला. गिऱ्हाइकांशी मी बोलतो त्याच आवाजात, अगदी मायेने. "दोनच हात राहिलेत."

मला पळायला हवं होतं. त्याऐवजी माझ्या तोंडून निघालं, "लंबूची पाचर... सुकी आहे ना?"

त्याने मान हलवली. हो. मग स्टुलावर तो माझ्याकडे वळायला लागला, सावकाश, गुडघ्यांना त्रास होतो तसा.

मी दार ओढून घेतलं. लेकीने कडी घातली, कुलूप लावलं, दोन्ही हातांनी. आतून दोन हात ऐकू आले, खर्र, खर्र. मग तिसरा. तो कुठेही अडखळला नाही.

लंबू फाटक न उघडता वरूनच गेला. त्याच्या पायांना जमतं ते.

"कोण आहे आत?" लेक विचारत होती. "बाबा, कोण आहे?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "पण हात चांगला आहे."

८

त्याच दिवशी आम्ही निघालो. आता चार महिने झाले, आणि तक्रार करावी असं काही नाही.

लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर आहे, ऊन भरपूर येतं. ज्याची भीती होती ते झालं नाही. पहिले चार दिवस बायको भिंतीला धरून चालली, पाचव्या दिवशी तिने मलाच सांगितलं की चमचे चुकीच्या खणात ठेवता. आता ती फोडणीही करते. मी बाल्कनीत बसतो, शेजाऱ्यांच्या कात्र्यांना धार लावून देतो. लेकीने माझ्या विसरण्याचा विषय पुन्हा कधी काढला नाही. त्या खोलीचाही नाही.

तिने एक सवय लावून घेतली आहे. सकाळी दवाखान्यात जायच्या आधी आमच्या खोलीच्या दारावर टकटक करते, आत येत नाही. बाहेरूनच विचारते, "बाबा, तुम्हीच ना?"

मी म्हणतो, "हो, मीच." मग ती जाते. त्याचं हसू येईल कोणाला, पण मला त्यात तिची माया दिसते.

परवा मी सकाळी बेसिनशी होतो, तोंडावर साबण. पॅसेजमधून तिची टकटक ऐकू आली, आणि तिचा प्रश्न. तोंड धुऊन उत्तर द्यावं म्हणून मी पाण्याखाली हात धरले.

"हो, मीच," आमच्या खोलीतून उत्तर गेलं.

लेकीच्या चपला जिन्यावरून खाली उतरल्या.

मी नळ बंद केला. खोलीचं दार लोटलेलं होतं. आत बायको कोणाशी तरी बोलत होती, केस विंचरताना बोलते तशी, मधेच थांबत. शेजारणीच्या मांजराचं काहीतरी सांगत होती. ते मला तिने सांगितलेलं नव्हतं. तो ऐकत होता आणि बरोबर जिथे हुंकार द्यायला हवा तिथे देत होता. मग त्याने काहीतरी म्हटलं, मला शब्द कळले नाहीत, आणि ती हसली. मोठ्याने, डोकं मागे टाकून हसते तशी. किती दिवसांत तशी हसली नव्हती.

दारावर हात ठेवला होता मी. तो काढून घेतला.

टॉवेल खांद्यावर टाकून पॅसेजमध्ये उभा राहिलो, त्यांचं बोलणं संपेपर्यंत.